लोहाऱ्याचे तीन तारे

आमचा समाज आता कुठं ऱ्हातो इचाराल, तर फोनात. लग्नं फेसबुकवर, मलिद्याची ताटं इन्स्टावर, अन् रुसवेफुगवे व्हॉट्सअ‍ॅपवर. आमी बेने इस्राएल, म्हंजे मराठी ज्यू. अख्ख्या लोहाऱ्यात आमचं एकच घर.

आमचा शब्बाथ, म्हंजे आठवड्याचा इसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी दिवस मावळताना लागतो. तवापासनं फोनला हात लावायचा न्हाय. शनिवारी आभाळात तीन तारे दिसले की सुटलो. ठाण्याचे बिन्यामीनकाका यात लई कडक. दर शुक्रवारी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांची ताकीद ठरलेली, "फोन कपाटात ठेवा!"

परवा शनिवारी मी गच्चीवर पडले हुते. शेजारची रझियाभाभी तिच्या गच्चीवर. आभाळ जांभळं, वारं मऊ, गच्चीसकट आपण तरंगतोय असं वाटत हुतं. एक तारा निघाला, दुसरा निघाला. तिसरा भाभीनंच दाखवला, "वो देख, चिंचेच्या शेंड्यावर."

म्या खाली जाऊन कपाटातला फोन आणला अन् ग्रुपवर टाकलं, "तीन तारे दिसले!"

लगेच काकांचं उत्तर, "तुमच्याकडे दिवस आधी मावळतो. ठाण्यात अजून उजेड आहे. शब्बाथ चालू असताना मेसेज टाकून लोकांना मोहात पाडू नका!"

म्या भाभीला वाचून दाखवलं. तिला ईदच्या चांदाची सवय. आभाळावरची नजर न काढता ती म्हणाली, "तारे बघायला मान वर करावी लागती गं. तुझे काका खाली कशाला बघत हुते?"