चिमटीतला कापूस

आता माझीच फजिती ऐका. हात थांबले की पुतणीचं, वैष्णवीचं, ध्यान उडतं, हे घरात साऱ्यांना ठाऊक. कॉलेजच्या मॅडमना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला बोलावलं.

"दादा, तास सुरू असताना पोरगी सारखी ओढणी पिळते. लक्षच नाही. असंच चाललं तर परीक्षेला बसू देणार नाही." मग थांबून म्हणाल्या, "तुमी तरी ऐकून राह्यले का? मघापासून कापूसच ओढता."

मी कापसाचा व्यापारी. चिमटीत कापूस नसला तर मला सौदा समजत नाही. मॅडमचं सारं बोलणं शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. म्हटलं, "पोरगी माह्यावरच गेली."

मॅडमनी माझ्या चिमटीतला कापूस हातात घेऊन पाहिला.

परवा वैष्णवी दुकानात आली. "मोठेबाबा, मूठभर कापूस द्या. मॅडमनं सांगितलं, सरकी काढून आण, वर्गात सांडते."