केंची मागच्या दारानं आली

गुरम्मा : सांग तुझ्या बायकोला, वीरभद्र. सकाळी आपल्या वाटणीचा तांब्या त्या तांबड्या कुत्रीला पाजती अन् दिवसभर सुकल्या व्हटानं दुकानापुढून हिंडती. सारं अहमदपूर म्हणंल, गुरम्मा सुनंला पाणी देत न्हाई.

वीरभद्र : माय, ती हितंच उभी हाय दारात. तूच सांग की.

गुरम्मा : मी न्हाई बोलत. कुत्री आणताना बोलली होती का ती माझ्याशी?

दानम्मा : आवो, अत्याबाईंला सांगा. माझ्या अप्पांनी केंचीची दोरी हातात दिली, मला नको म्हणवलं न्हाई. हीर आटली म्हणून उदगीरकडच्या घराला कुलूप लावून लातूरला दादाच्या खोलीवर गेले ते. तिथला घरमालक म्हणला, माणसं ठेवा, जनावर न्हाई.

गुरम्मा : जिल्हा झाला अन् लातूरचे घरमालक सायब झाले. परवापर्यंत त्याच खोल्यांत कडबा भरत होते. बरं, ते राहू दे. आमच्या कुत्र्याचं, भुऱ्याचं बोला. ह्या दुकानाच्या पायरीवर म्हातारा झाला त्यो. कालपासून भाकरीला तोंड लावंना. त्या केंचीचा कान फाडून बसलाय.

वीरभद्र : म्हणून तर म्हणतो, माल आणाया टेम्पो लातूरला चाललाय. केंचीला संगं नेतो अन् मोंढ्याच्या बाजारात सोडतो. चार माणसांत मिळंल कायतरी खायाला.

दानम्मा : मोंढ्यातली कुत्री तिला जगू देतील का?

वीरभद्र : हितं भुऱ्या जगू देतोय का? एका परातीत दोघांला वाढलं, संगं जेवली की भांडण मिटंल म्हणून. तर परात पालथी अन् माझ्या हाताला दात.

गुरम्मा : एका परातीत वाढायची अक्कल कुणाची?

वीरभद्र : माझीच.

गुरम्मा : वाटलंच. लहानपणी तुम्ही भाऊ तरी एका ताटात कधी गुमान जेवलात? विचार तिला, कुत्री आणली कोणत्या दारानं?

दानम्मा : मागच्या बोळातून. दिवेलागणीला, अंगावर अप्पांचं घोंगडं टाकून.

गुरम्मा : विचार, का म्हणून?

दानम्मा : तुमचं भ्या वाटलं, अत्याबाई.

गुरम्मा : ऐकलंस, वीरभद्र? भुऱ्या पुढच्या पायरीवर राखण करून राहिला अन् परकं जनावर घोंगडं पांघरून मागून घरात. सकाळी बघतो तर आपल्याच परसात दुसऱ्याचा वास. त्यानं काय समजावं? चोर समजला. मी बी तेच समजले असते. अन् आपण इमानी कुत्र्यालाच शिव्या देऊन राहिलो.

वीरभद्र : मंग करायचं काय? टेम्पोवाला हारन वाजवून राहिला.

गुरम्मा : वाजवू दे. तू भुऱ्याला घे अन् बसवण्णाच्या देवळाकडं चल. ती केंचीला बोळातूनच भायेर काढंल अन् तिकडं आणंल. तोंडासमोर तोंड आणू नका. तू पुढं, ती मागं, पाण्याच्या टँकरच्या रांगंवरून वेशीपतूर जाऊन या. दोऱ्या ढिल्या धरा. भाकरी दाखवू नका. नव्या सुनंला देवळाला नेऊन आणतात तसं, चारचौघांच्या देखत. अन् घरात शिरताना पुढच्या दारानं, भुऱ्या आधी.

(उन्हं वर आलेली. दुकानाची पायरी.)

वीरभद्र : जाताना वळून वळून गुरगुरला. वेशीपाशी केंची मुतली, त्यानं जाऊन हुंगलं अन् वरून आपण बी मुतला. तव्हापासून जरा गप हाय. रांगंतल्या बाया हसून राहिल्या. नागुबाई म्हणली, गुरम्मानं कुत्रीची वरात काढली.

गुरम्मा : म्हणू दे. तिच्या घरच्या वरातीपेक्षा बरी निघाली असंल.

दानम्मा : पायरी चढताना भुऱ्या थांबला, अत्याबाई. केंचीकडं बघितलं, मंग आत गेला.

वीरभद्र : पर माय, आता बी बघ, एक पायरीवर अन् एक खांबापाशी. मधी गुरगुर चालूच हाय. टेम्पो गेला. मला यष्टीनं जावं लागंल. केंचीला नेऊ का ठिवू, एकदाचं सांग.

गुरम्मा : गुरगुर राहणारच. मी तरी कोणाला बघून लगीच गप बसले? ताटं दोन, जागा दोन, भुऱ्याला आधी वाढायचं. तू जा आता.

वीरभद्र : अन् हिला काय सांगू?

गुरम्मा : तू काय बी सांगू नको. दानम्मा, अशी पुढं ये. पुन्हा काय आणायचं झालं तर पुढच्या दारानं आण. मी शिव्या देईन, त्या खा. हा धर तांब्या, आधी तू पी. केंचीचं मी वतते.