लाल कंट्रोलर

ताई: पुन्हा पडलास? अरे, पहिलाच खड्डा आहे तो. दोन विटांचा.

धाकटा: मी उडी मारतोय गं. तुझा टोपीवाला मारत नाहीये.

ताई: तू दाबायला उशीर करतोस.

धाकटा: मी? लहानपणी कोण जिंकायचं?

ताई: म्हणून तर तुला कामावरून उठवून आणलं. सहाला खेळ बाहेर जायचाय आणि पावणेपाच झालेत. बारा जणांनी खेळून बघितला. अकरा जण म्हणाले, चित्रं झकास, आवाज थेट जुन्या खेळांसारखे, पण उडी उशिरा लागते. साहेब सकाळी येऊन बोलून गेले. उड्यांच्या खेळात उडीच धड नसेल तर खेळ बंद करू म्हणाले.

धाकटा: बारावा कोण?

ताई: मी.

धाकटा: मग ऐक ना त्यांचं.

ताई: तीन वर्षं घातलीत मी यात. एकेक ठिपका हाताने बसवलाय, सगळं तेव्हासारखं दिसावं म्हणून. आणि उडी तेवढी आजची ठेवू? तेव्हा ती अशीच होती. बटण आधी दाबायचं, जरा वाट बघायची, मग तो उडायचा. तेवढ्यात पोटात गोळा यायचा. मला तो गोळा हवाय.

धाकटा: माझ्या नाही यायचा पोटात गोळा.

ताई: तुझा हात चपळ. बाबा म्हणायचेच, हिचा हात जड आहे म्हणून.

धाकटा: तो पाय हलवणं बंद कर आधी, मला काही सुचत नाहीये. हा उशीर तू ठरवलास कसा? अंदाजाने?

ताई: अंदाजाने मी काही करत नाही. आईच्या माळ्यावरून आपला जुना खेळ आणला, जोडला, शंभर वेळा बटण दाबून वेळ मोजला.

धाकटा: कुठल्या कंट्रोलरवर?

ताई: लालवर. माझ्या. निळ्याची वायर उंदरांनी खाल्ली. हा काय, समोरच आहे. कुठे निघालास?

धाकटा: पिशवीत स्क्रूड्रायव्हर आहे.

ताई: अरे, ती लिफ्ट नाहीये तुझी.

धाकटा: लिफ्टचं बटण उशिरा लागलं की मी आधी बटणाचं झाकण काढतो. मोटरला शिव्या घालत नाही.

(चार स्क्रू टेबलावर पडतात.)

ताई: हे तपकिरी काय आहे?

धाकटा: खोकल्याचं औषध.

ताई: आत?

धाकटा: मला ते प्यायचं नव्हतं. कुंडीत ओतायला निघालो आणि वाटेत यावर सांडलं. आई येत होती, म्हणून वरवर पुसलं. दुसऱ्या दिवसापासून बटण चिकटायला लागलं, उडी उशिरा.

ताई: पण हा माझा होता.

धाकटा: आधी माझा होता. निळा तुझा. मीच म्हणालो, ताई, तू मोठी, तू लाल घे. केवढी खूश झालीस तू.

ताई: मी तुला त्याबदल्यात रंगपेटी दिली होती.

धाकटा: अर्धी.

ताई: पूर्ण दिली होती. सहा वर्षं हरले मी. मावसभावंडं आली की मला खेळायलाच घ्यायची नाहीत, गोगलगाय म्हणायची. वर्गात बाकावर अंगठा आपटून सराव करायचे मी. आणि तू शेजारी बसून हसायचास.

धाकटा: सांगणार होतो. मग इतके दिवस गेले की लाज वाटायला लागली. पुढे विसरूनच गेलो, खरंच. आज तिसऱ्यांदा पडलो तेव्हा आठवलं.

ताई: मला तुझा फार राग आलाय. भांडू नंतर. किती वाजले?

धाकटा: पाच.

ताई: सरक. उशिराचा एकच आकडा आहे. इथे नऊ आहेत, तिथे शून्य करायचं. झालं.

धाकटा: कर मग.

ताई: करते. घाई काय आहे?

धाकटा: मघापासून घाई तूच करतेयस.

ताई: केला. तू खेळ.

धाकटा: गेलो पलीकडे. पहिल्या फटक्यात. हा दुसरा खड्डा, हा तिसरा. ताई, मस्त झालंय हे. पाठव.

ताई: पाठवला. आण इकडे, मला बघू दे.

धाकटा: पडलीस.

ताई: थांब.

धाकटा: पुन्हा पडलीस. लवकर दाबतेयस तू. आता तो लगेच ऐकतो.

ताई: मला माहीत आहे रे. अंगठ्याला माहीत नाही.