त्रिकोणातला सात

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी श्रावस्ती गुरुग्राममधल्या छातीच्या दवाखान्यात आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. तिने आखलेला वेफर्सच्या पाकिटाचा नमुना फोनवर तयार होता. साहेबांना तो नऊपर्यंत हवा होता. शेजारचे वृद्ध जोडपे, इथे आपली भाषा कोणाला कळते, अशा समजुतीने मराठीत मोकळे बोलत होते.

"अहो, खोकला माझा, आणि तोंड तुमचं का पडलंय?"

"काल कबाडीवाल्याला विचारलं. आपण देतो ती वेफर्सची रिकामी पाकिटं तो पुढे विकतच नाही. म्हणाला, अंकल, सात नंबर कोई नहीं लेता."

"पण मी बाणांचा त्रिकोण बघूनच देते. धुऊन, वाळवून."

"त्रिकोणातला आकडा नुसती प्लास्टिकची जात सांगतो. सात म्हणजे सरमिसळ. त्याचं पुन्हा काही बनत नाही."

"मग चार वर्षं ती गेली कुठे?"

"आपल्या भिंतीमागच्या प्लॉटवर. पहाटे पेटवतात."

"तो धूर?"

"हं."

"आणि मी खिडकी लावता लावता त्या लोकांना शिव्या द्यायची."

"डॉक्टरांना सांगू नकोस. हसतील."

"हसू देत. त्रिकोणाखाली हिरवं पान होतं हो. मला वाटलं, कुणी शिकलेल्या माणसाने विचार करून छापलं असेल."

श्रावस्तीने फोन उघडला. नमुन्यातल्या त्रिकोणाखालचे हिरवे पान तिने काढून टाकले, त्या जागी 'या पाकिटावर पुनर्प्रक्रिया होत नाही' असे लिहिले आणि नमुना साहेबांना पाठवून दिला.