सिराजुद्दीन खोतांची गाडीतली जागा

जबाब, दिनांक १४ मे १९९१

नाव इस्मत अरीब खोत, वय ३४, धंदा घरकाम, मूळ गाव वेळशेत, जिल्हा रत्नागिरी. सध्या राहणार दम्माम, सौदी अरेबिया.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, दम्माम येथे मी पती अरीब व मुली सुहाना, वय ९, तस्नीम, वय ५ यांच्यासह राहते. मयत सिराजुद्दीन खोत, वय ७१, हे माझे सासरे. आम्ही मालमत्तेसाठी त्यांना लढाईत मुद्दाम मागे टाकले, असा अर्ज त्यांचे पुतणे झैद यांनी दिला आहे.

सासरे पाच गावांचे खोत. कूळकायदा आला तेव्हा ते कोर्टात गेले नाहीत. चावडीवर बसून कुळांची नावे त्यांनी स्वतः लावून दिली. दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आले. हायस्कुलात सगळ्या जातींच्या मुली घेतल्या, आपली मुलगीही त्यांच्यात बसवली. जमातीने त्यांच्या घरचे जेवण बंद केले. तिसऱ्या निवडणुकीत पडले. राहते घरही पुढे मुलींच्या वसतिगृहाला दिले. मालमत्ता उरलीच नव्हती.

जून १९९० मध्ये ते व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले.

दि. १७ जानेवारीस इराकशी लढाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी भोंगे वाजले. विषारी वायूच्या भीतीने मी एका खोलीच्या खिडक्यांना टेप लावली. दि. १९ रोजी सकाळी जेद्दाला, अल अझीझियात माझ्या बहिणीकडे जायला निघालो. शेजारचे रमेश साळवी जुबैलला प्लांटवर होते, त्यांना रजा नव्हती. त्यांची पत्नी सरिता, नर्स, हिला आठवा महिना होता. ती दारात उभी होती. सासरे पुढच्या सीटवरून उतरले.

"सरिताताई, तुम्ही बसा. मी सोमवारच्या बसने येतो."

पती म्हणाले, "अब्बा, हट्ट नको."

"हट्ट कसला? पोटुशी बाई इथे ठेवून मी पुढे जाऊ? यल्ला, गाडी काढ."

सरिता पुढच्या सीटवर बसली व आम्ही निघालो.

दाराखाली ओला टॉवेल कसा लावायचा ते मी त्यांना दाखवले होते. थंडी होती. कोळशाच्या शेगडीबद्दल मी काही सांगितले नाही.

दि. २० रोजी संध्याकाळी जेद्दाहून फोन केला. "सरिताताई नीट पोचल्या?" हे त्यांनी पहिले विचारले. दि. २१ रोजी फोन उचलला गेला नाही. दि. २२ रोजी दुपारी रमेश साळवी ड्यूटीवरून आले व त्यांनी दार तोडले. टेप शाबूत होती, टॉवेल जागेवर, शेगडी विझलेली. बंद खोलीत कोळशाच्या धुराने गुदमरून मृत्यू, असे डॉक्टरांनी लिहिले. पती परत पोचल्यावर तिथेच दफन झाले. चार माणसे होती.

सरिता साळवी यांना दि. ९ फेब्रुवारीस मुलगी झाली.

आता कोणी विचारले नसताना सांगते की, गाडीत जागा नव्हती असे मी सर्वांना सांगत आले. मागच्या सीटवर मी, दोन मुली व आमचा रंगीत टीव्ही होता. तो नवा होता. काढूया, असे मी म्हटले नाही. सासऱ्यांनीच तो रजईत गुंडाळून आत ठेवायला हात लावला होता.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तसाच लिहिला आहे. टीव्हीचा मजकूर साहेब गाळत होते. तो माझ्या सांगण्यावरून ठेवला आहे.

सही/- इस्मत अरीब खोत