ठिपका हलवायचा की दुर्बीण?

...नाही, पण मला एक सांगा, दुकानदार जेव्हा 'दोन मिनिटांचं काम' म्हणतो ना, तेव्हा ती दोन मिनिटं कुणाची असतात हो? त्याची की माझी? कारण माझी दोन मिनिटं दुपारच्या जेवणानंतर जी सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत संपेचनात! तुम्हाला सांगतो, दुर्बीण विकत घेणं सोपं. ती तिच्या तीन पायांवर उभी करणंही सोपं... म्हणजे उभी बायकोने केली, मी नुसता धरून होतो. पण त्या दुर्बिणीच्या पाठीवर एक काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं असतं. त्यात एक काच, काचेत एक लाल ठिपका. काचेतून आभाळाकडे बघायचं, ठिपका हव्या त्या चांदणीवर ठेवायचा, की खालच्या मोठ्या नळीत ती चांदणी हजर! ऐकायला किती गोड! म्हटलं, चला, आभाळात आंधळी कोशिंबीर खेळायला नको.

आणि घाई का, तर अप्पा. अप्पा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने शनी काढला, त्याला कडं काढलं, पोरांकडून पाठ करून घेतलं, आणि स्वतः आयुष्यात एक ग्रह दुर्बिणीतून बघितलेला नाही! आता डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आमच्याकडे आले, स्वच्छ दिसायला लागलं, आणि एके दिवशी जेवताना सहज म्हणाले, "एकदा शनीचं कडं बघायला हवं होतं." झालं! माझ्या तोंडाला काय कुलूप असतं? म्हटलं, "अप्पा, तुम्ही जायच्या आत तुम्हाला शनी दाखवतो!" अप्पा म्हणाले, "बघा बुवा, जमलं तर." आता हे 'जमलं तर' आहे ना, ते त्यांनी लग्नापासून चालवलंय. मी नळ दुरुस्त करायला घेतला, "जमलं तर." खिळा ठोकायला घेतला, "जमलं तर." आणि आजवर काही जमलेलं नाही हो, हीच तर अडचण आहे! आणि दुर्बीण घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांची गाडी.

तर बसवलं यंत्र. बघतो तर ठिपकाच नाही! इकडून बघतो, तिकडून बघतो, मान वाकडी करून बघतो... बायको आली. "अहो, उलटं बसवलंय तुम्ही. काच पुढे हवी." फिरवलं. तरीही नाही! "आणि हे शेपूट कसलं लोंबतंय?" म्हणून तिने एक प्लॅस्टिकची पट्टी ओढली, तर ती निघाली सेलखालची! लागला ठिपका. मला वाटलं, जिंकलो. पण खरं घोडं पेंड खातं ते इथे. कारण ठिपका दाखवतो एक आणि नळी बघते भलतंच! दोघांची तोंडं दोन दिशांना! मी ठिपका समोरच्या बांधकामाच्या क्रेनवर ठेवला, नळीत बघतो तर कुणाच्या तरी खिडकीचा पडदा. नळी फिरवून क्रेन पकडली, वर बघतो तर ठिपका पाण्याच्या टाकीवर. ठिपका क्रेनवर आणायला पुन्हा नळी फिरवली, तर आत पुन्हा पडदा! आता तुम्हीच सांगा, ठिपका हलवायचा की दुर्बीण?

दुकानात फोन लावला. तिकडचा माणूस इतका शांत, इतका शांत, की मला संशय, झोपेतच बोलत असावा. "सोप्पं आहे सर. आधी नळीत लांबचं काहीतरी पकडा. मग नळी घट्ट करा. मग बाजूचा स्क्रू फिरवून फक्त ठिपका त्याच्यावर आणा. दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "अहो, पण आत क्रेन उलटी दिसतेय!" "उलटीच दिसते सर." "कायमची?" "कायमची." आता बोला! म्हणजे वर न्यायचं तर खाली, डावीकडे न्यायचं तर उजवीकडे... डोकं गरगरायला लागलं. तरी पकडली क्रेन. नळी घट्ट केली. स्क्रूला हात घातला, केसभर इकडे, केसभर तिकडे, आला ठिपका बरोब्बर क्रेनच्या टोकावर! आत बघतो... क्रेन गायब! पुन्हा पकडली, पुन्हा स्क्रू, पुन्हा गायब! घाम फुटला मला. अप्पा मागे खुर्चीत बसलेले. अर्धा तास त्यांनी आळीपाळीने माझ्याकडे आणि क्रेनकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "जावईबापू... ती क्रेन चालू आहे."

चालू होती हो! विटा उचलत होती! मी अर्धा तास चालत्या क्रेनवर ठिपका जुळवत होतो!

बायको आत निघून गेली. हसायला गेली, मला ऐकू आलं. मग मी एक टॉवर धरला, जो पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही असा, आणि तरी दर वेळी स्क्रूला हात लावला की तोच प्रश्न, ठिपका हलवायचा की दुर्बीण? ठिपका, ठिपका, फक्त ठिपका, असं पुटपुटत, जीभ दातांत धरून, एकदाचा आणला. वर टॉवर, आत टॉवर! उलटा का असेना, पण टॉवर!

अंधार पडला. शनी कुठला ते बायकोने मोबाइलवर बघून सांगितलं. मी ठिपका नेऊन त्याच्यावर ठेवला, नळी घट्ट केली, बाजूला झालो आणि म्हटलं, "या अप्पा. बघा." अप्पा उठले. आणि तुम्हाला सांगतो, मी चुकलो तो इथे. कुठे बघायचं ते सांगायचंच राहिलं! अप्पा वाकले, आणि त्यांनी डोळा लावला तो वरच्या त्या काडेपेटीला. एक क्षण गेला... दोन गेले... आणि अप्पा ओरडले, "अगं, ये, ये इकडे! मंगळ! काय लालबुंद आहे! काय गोल आहे!"

मी तोंड उघडलं. 'अप्पा, तो सेलवरचा...' इथपर्यंत ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. "फळ्यावर लाल खडूने काढायचो मी," म्हणाले, "अगदी तसाच आहे हो, अगदी तसाच." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जमलं तुम्हाला." लग्नानंतर पहिल्यांदा! बायकोकडे बघितलं, तिने 'सांगू नका' अशी नुसती मान हलवली. म्हटलं, "हो अप्पा. मंगळच."

मग मी खालच्या नळीत डोकावलो. शनी! मधोमध! कड्यासकट, इवलासा, काचेत कोरल्यासारखा! म्हणजे माझं जुळलं होतं हो, खरोखर जुळलं होतं! मी किंचाळलो, "अप्पा, इकडे या, कडं बघा, कडं!" तर अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसलेले. "आज नको," म्हणाले. "डोळ्यांत मंगळ आहे, तोच राहू दे."

सकाळची गाडी? रद्द केली ना! आता आठवडाभर मुक्काम. रोज दिवे लागले की खुर्ची बाहेर येते. दोघे शेजारीही येतात, अप्पा त्यांना मंगळ शिकवतात. शनीला कुणी विचारत नाही, तो मी एकटा चोरून बघतो. आणि काल तर कहरच, अप्पा म्हणाले, "जावईबापू, आज मंगळ जरा फिका वाटतो." मी म्हटलं, "ढग असेल, थांबा," आणि हळूच त्या काडेपेटीवरचं, ठिपक्याच्या उजेडाचं बटण फिरवलं. "वा! आता कसं तेज आलं!"

तेव्हा ठिपका हलवायचा की दुर्बीण, हा प्रश्न आता संपला बघा. काही हलवायचं नाही. दर दोन दिवसांनी मुकाट्याने सेल बदलायचा.