जयवंताचा हेडसेट आणि वर केलेली दोन बोटं

गणराया, वाणी दे. आणि दिलीसच तर अर्ध्यात चार्जिंग संपू देऊ नकोस.

मंडळी, ऐका. मागचे पुढे या, पुढचे जरा सरका. आणि कानात काही घालून बसलेले असतील त्यांनी ते काढा — कथा त्याचीच आहे, त्याच्यासमोर सांगायची म्हणजे त्याला लाजल्यासारखं होतं. प्रणव, पेटी जरा हळू. हळू म्हणजे बंद नाही रे.

आजचा प्रश्न साधा आहे. आपला आवाज समोरच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा दोष कुणाचा? यंत्राचा, की —

या 'की'च्या पुढे काय ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर प्रसादापर्यंत थांबणार कोण?

तर आपल्या नाशकात, पंचवटीत, आपलं ढोलपथक. आणि पथकाचा पुढचा ताशा कुणाच्या गळ्यात? जयवंत गायधनीच्या. तो बघा, मागे खांबाला टेकून बसलाय. बघू नका, बघू नका — बघितलंत. असू दे.

आता पुढचा ताशा म्हणजे काय, हे ज्यांनी पथक लांबूनच पाहिलंय त्यांना सांगतो. शंभर ढोल वाजत असतात. तिथे कुणी बोललेलं कुणाला ऐकू येतं का? शेजारचा कानात ओरडला तरी तो जांभई देतोय असं वाटतं. म्हणून पुढचा ताशेवाला हात वर करतो. दोन बोटं — दोन बाजूंनी वाजवा. मूठ — थांबा. हनुवटी डावीकडे — डावी रांग उचला. एक शब्द नाही, आणि शंभर माणसं हलतात. राजाला नाही हो एवढा मान! आणि जयवंत आठ-दहा वर्षं हेच करत आलेला. हाडात मुरलं ते.

यंदा झालं असं, की सरावाला परवानगी मिळेना. परीक्षा चालू, लोकांच्या तक्रारी. पोरांचे हात शिवशिवायला लागले. मग आपले पथकप्रमुख सदाभाऊ आणि नदीपलीकडच्या पथकाचे प्रमुख, दोघांनी मिळून ठरवलं — ढोल नाही तर नाही, टीव्हीवरचा खेळ तर खेळू. प्रत्येकाने आपापल्या घरून, खेळाचा डबा टीव्हीला जोडायचा, डोक्याला हेडसेट, एकमेकांशी बोलत बोलत किल्ला धरायचा. तीन जणांचा संघ. सामने तीन.

आपला संघ कोण? जयवंत कप्तान. दुसरा सौमित्र, जो ढोल कमी आणि ढोलासोबत फोटो जास्त काढतो. तिसरा बाळक्या. बाळक्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हे तो स्वतःच सांगतो.

पहिला सामना. जयवंताने फोनची ती चिमुकली कानातली बोंडं आणली. आणि जोडतोय, जोडतोय — डबा काही त्यांना ओळखच देईना. सासरच्या माणसांसारखा नुसता बघतोय! शेवटी हेडसेटशिवायच खेळले. हरले.

जयवंत गेला मेनरोडला हेमंतशेठच्या दुकानात.

शेठ म्हणाले, "फोनची बोंडं या डब्याला चालत नाहीत. सोबत छोटी दांडी येते तो हेडसेट घे. दांडी डब्यात खुपसायची, मग आवाज मागे पडत नाही. आणि कानावरची गादी बघून घे, दोन तास डोक्यावर बसणार आहे ते."

जयवंत म्हणाला, "शेठ, गादी राहू द्या. माझा आवाज तिकडे कडक पोचला पाहिजे."

"तोंडासमोर माइकची काडी येते तो घे मग. बोललास की पोचतो."

घेतला. मंडळी, शेठचं वाक्य लक्षात ठेवा. बोललास की.

दुसरा सामना. सुरुवातीला सगळं झकास.

"सौम्या, आवाज येतोय?"

"घंटेसारखा येतोय."

"बाळक्या?"

"येतोय की. मागे कुकर पण येतोय तुमचा."

सामना सुरू झाला — आणि आवाज गायब. सगळं चिडीचूप. सौमित्र तिकडे ओरडतोय, "जया, कुठून जाऊ? जया, बोल ना." काही नाही. बाळक्या सरळ शत्रूच्या तोंडात जाऊन उभा राहिला. आणि कप्तानाचा स्वतःचा गडी? भर मैदानात खांबासारखा उभा, गोळ्या खातोय. हरले.

सामना संपला, तर आवाज परत आला. "अरे, किती सांगत होतो तुम्हाला!"

सौमित्र म्हणाला, "आम्हाला कुत्र्याचं भुंकणंसुद्धा आलं नाही."

जयवंत परत दुकानात. "शेठ, माइक गरम झाला की बंद पडतो."

शेठनी लावून बघितला. चालतोय. फिरवला, आपटला, फुंकला. चालतोय. जयवंत म्हणाला, "हा बाहेरचा गोंगाट गाळतो ना, तो माझाच आवाज गोंगाट समजून गाळतोय." शेठ बिचारे म्हणाले, "शक्य आहे बाबा, तू ताशेवाला." आणि बदलून दुसरा दिला.

इकडे सदाभाऊंनी निरोप धाडला. निरोप काय? "ज्याचा इशारा पोचत नाही त्याने पुढे उभं राहू नये. तिसरा सामना गेला, तर यंदा पुढचा ताशा सौमित्रच्या गळ्यात."

सौमित्रच्या! जो टिपरी धरूनसुद्धा कॅमेऱ्याकडे बघतो!

ताशा गेला म्हणजे काय गेलं, हे ज्याचा ताशा त्यालाच कळतं. जयवंताने तो गवसणीतून काढला, मांडीवर घेतला, पुसला, परत ठेवला. जेवला नाही.

आता तिसऱ्या सामन्याचा दिवस. दुपारची वेळ. जयवंत टीव्हीपुढे पाटावर. मागे सोफ्यावर त्याची आई, शैलाकाकू, मटार सोलत बसलेल्या. टीव्ही कधी मोकळा होतोय याची वाट बघत. नवा हेडसेट डोक्यावर. "आवाज येतोय?" "येतोय, येतोय."

सामना सुरू झाला. पुन्हा शांतता.

सौमित्रचा जीव गेला, परत आला, परत जायच्या बेतात. शत्रू किल्ल्याच्या दारात. जयवंत घामाघूम. आणि मागून शैलाकाकू म्हणाल्या,

"जया, तू बोलत का नाहीस?"

ऐकतोय कोण? कान झाकलेले. काकू उठल्या, त्याच्या हेडसेटचा एक कान उचलला आणि म्हणाल्या,

"अरे, मी मघापासून इथे बसलेय. तुझ्या तोंडातून एक शब्द निघालेला नाही. नुसते हात करतोयस. टीव्हीला."

मंडळी! लक्षात आलं? माइक धडधाकट, दांडी जागेवर, चार्जिंग भरलेलं. आणि हा गडी — खेळ रंगला की रिमोट मांडीवर टाकून हात वर करतोय. दोन बोटं! मूठ! हनुवटी! नदीकाठच्या कुठल्याशा गल्लीत बसलेल्या बाळक्याला हनुवटी दाखवतोय!

जयवंताने स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात वरच होता.

"आता बोल," काकू म्हणाल्या.

त्याने तोंड उघडलं. "सौम्या… ते… इकडून…" आणि हात वर. हात वर गेला की तोंड बंद. दहा वर्षांची सवय, मंडळी, ती पाच मिनिटांत जाते का? तुमची गेली का? सकाळी उठल्याबरोबर फोन बघायची? बघा, हसलात म्हणजे गेली नाही.

जयवंताने आईकडे बघितलं. पोराच्या डोळ्यांत पाणी. कारण टीव्हीत किल्ला जात होता, आणि ताशा किल्ल्याबरोबर जात होता.

काकूंनी काय केलं? त्याचा हेडसेट काढला आणि आपल्या डोक्यावर घातला. अंबाड्याला अडकला, तो ओढून खाली घेतला. जयवंताने आपला गडी पाण्याच्या टाकीमागे लपवला, रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हात मोकळे केले.

"हॅलो," काकू म्हणाल्या, "मी शैला बोलतेय."

सौमित्र बंदूक सोडून उभा राहिला. "काकू? नमस्कार."

"नमस्कार नंतर. याने दोन बोटं वर केलीत. याला दोन पोळ्या हव्यात."

"काकू, खेळतोय आम्ही."

"मग मला काय माहीत? घरी दोन बोटं म्हणजे दोन पोळ्या."

पण मंडळी, ते दोघे कुठले? पथकातले! बाळक्या — आयुष्यात पहिल्यांदा — पटकन बोलला, "दोन बोटं ना? सौम्या, दोन बाजूंनी!"

मग काय विचारता. काकू समालोचन करतायत — "हनुवटी डावीकडे." डावीकडून बाळक्या. "मूठ. मूठ आहे, हलू नका." थांबले. "आता परत दोन बोटं. आता कपाळाला हात लावला, हे मला वाटतं तुमच्यासाठी नाही." धाड, धाड, धाड! शत्रू दारातून मागे, पुलावरून मागे, आणि भोंगा वाजला तेव्हा किल्ला आपला. ताशा जयवंताचा!

सौमित्र तिकडून म्हणाला, "काकू, तुम्हाला हे सगळे इशारे कसे काय येतात?"

काकू हेडसेट काढत म्हणाल्या, "हे डोक्यावर चढल्यापासून तो माझ्याशी असाच बोलतो रे. बोटं म्हणजे पोळी, मूठ म्हणजे पुरे, हनुवटी म्हणजे दार लोट. गावात कुणाला येत नसतील एवढे मला येतात."

आणि परत मटार सोलायला बसल्या.

प्रणव, आता दे सूर. माझंच आहे, जुळलं नाही तर गोड मानून घ्या —

कान झाकले दोन्ही, तोंड ठेविले मिटून ।
आई पुसते बाहेरून, लेक बोलेना आतून ॥

दुसऱ्या दिवशी जयवंत आईला घेऊन दुकानात गेला. हेमंतशेठ म्हणाले, "आता काय झालं?" जयवंत म्हणाला, "शेठ, अंबाड्यावर नीट बसेल असा दाखवा." आणि मंडळी, काकूंनी आधी काय दाबून बघितलं? गादी!

तर आपला 'की'. आवाज पोचत नाही तेव्हा दोष यंत्राचा, की तोंड न उघडणाऱ्याचा? माइक कसला घ्यायचा ते मेनरोडला विचारा, शेठ प्रेमाने सांगतील. पण तुम्ही, हो, तुम्हीच, तिसऱ्या रांगेतले — काल जेवताना आईला पाणी कसं मागितलंत? ग्लास हलवून. आणि तुम्ही? नुसत्या भुवईने. अहो, खेळातल्या अनोळखी माणसाला "भाऊ, सांभाळून" म्हणता, आणि घरच्या माणसाला हनुवटी? लांबच्याला शब्द आणि जवळच्याला बोटं, असं कुठे असतं का?

जयवंत, खरं सांग. झालं होतं ना असंच?

हात नको वर करू. तोंडाने.

"हो."

ऐकलंत? आता आईला काहीतरी माग. मोठ्याने, सगळ्यांसमोर. मागे बायकांत बसल्यात त्या.

"आई, घरी गेल्यावर चहा करशील?"

बघा, बघा मंडळी, शैलाकाकूंकडे बघा. एक शब्द नाही. नुसती मूठ वर!

उठ, जयवंता. चहा तूच टाक. आणि मंडळी, टाळ्या वाजवू नका — तोंडाने बोला, काय हवं ते.